सुटे भाग पास, यंत्र नापास



संयोजकांनी बजावलंय, "तू नोकरीत नेमकं काय करतोस ते सगळ्यांना कळेल असं सांग." माझं काम ईएमसीचं, म्हणजे विद्युतचुंबकीय सुसंगततेचं. यंत्राने शेजारच्या उपकरणांना त्रास देऊ नये आणि त्यांच्या त्रासाने स्वतःही बिघडू नये, एवढाच त्याचा अर्थ. आईने मिक्सर लावला की रेडिओ खरखरायचा, तोच हा विषय.

आपल्या बॅचमधल्या चारपाच जणांचे स्वतःचे कारखाने आहेत. त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, "सगळे भाग सीई मार्कचे घेतले, मग अख्ख्या यंत्राची वेगळी चाचणी कशाला?"

एक उदाहरण सांगतो. एका लहान कारखान्याने पिशव्या भरण्याचं यंत्र युरोपला पाठवण्यासाठी बनवलं. ड्राइव्ह, पॉवर सप्लाय, वजनाचा लोडसेल, सगळ्यांची प्रमाणपत्रं फाइलला होती. पण मोटर सुरू झाली की वजनाचा आकडा उड्या मारायचा. मालकाने यंत्रासाठी कर्ज काढलं होतं आणि माल पाठवायची तारीख तोंडावर आली होती.

विज्ञानाच्या तासाला आपण शिकलो की प्रवाहाला परतीचा रस्ता लागतोच. सगळी गोम तिथेच आहे. ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज चालू-बंद करतो. दर वेळी थोडा प्रवाह मोटरच्या केबलमधून बाहेर झिरपतो आणि ड्राइव्हकडे परत यायला बघतो. केबलवरची जाळी दोन्ही टोकांना गोल क्लॅम्पने पत्र्याला घट्ट बसवली, तर तो जाळीतूनच मुकाट्याने परततो. इथे जाळी पिळून तिची दहा सेंटीमीटरची शेपटी स्क्रूला बांधली होती. घरच्या ५० हर्ट्झच्या विजेला एवढ्याशा तारेचा अडथळा नगण्य असतो, पण ३० मेगाहर्ट्झला तोच सुमारे १९ ओम होतो. शिवाय फिल्टर रंग दिलेल्या पत्र्यावर बसवला होता आणि लोडसेलची तार मोटरच्या केबलसोबत एकाच डक्टमधून नेली होती. सरळ वाट अडली, म्हणून प्रवाहाने आडवाट धरली.

यात ड्राइव्हच्या प्रमाणपत्रात काही खोट नव्हती. चाचणी ठरावीक लांबीच्या, जाळीच्या केबलने, पुस्तिकेत लिहिलेल्या जोडणीने झाली होती. प्रमाणपत्र त्या अटींपुरतंच खरं असतं. शिवाय गोंगाटाची बेरीज होते. सारख्या ताकदीचे, एकमेकांशी संबंध नसलेले दोन स्रोत एकत्र आले की पातळी ३ डेसिबलने वाढते, दहा आले तर १० डेसिबलने. काठावर पास झालेले दहा भाग एकत्र आल्यावर मर्यादा ओलांडू शकतात.

कायदाही हेच म्हणतो. युरोपच्या २०१४/३० या निर्देशानुसार भाग जोडून तयार झालेली वस्तू एकच उपकरण म्हणून बाजारात आणली, तर जोडणारा हाच तिचा उत्पादक. पूर्ण यंत्र नियमांत बसतं की नाही हे त्यालाच तपासावं लागतं आणि जाहीरनाम्यावर सहीही त्यालाच करावी लागते. एकाच जागी कायमच्या बसवलेल्या मोठ्या यंत्रणेला सीई मार्क लागत नाही, पण तिथेही जोडणी चांगल्या अभियांत्रिकी पद्धतीने केली हे कागदोपत्री दाखवावं लागतं.

त्या यंत्राचा रंग खरवडला, क्लॅम्प बसवले, लोडसेलची तार वेगळ्या डक्टमध्ये नेली. खर्च फारसा झाला नाही, वेळ मात्र दीड दिवस गेला. आकडा स्थिर झाला आणि पुढे प्रयोगशाळेतही यंत्र पास झालं.

कारखानदार मित्रांना माझी विनंती आहे. भाग घेताना प्रमाणपत्राबरोबर जोडणीची पुस्तिकाही मागून घ्या आणि ती वायरमनच्या हातात द्या. आराखड्याच्या पहिल्याच दिवशी मोटरच्या आणि मोजमापाच्या तारांचे रस्ते वेगळे काढा. डॉक्टर मित्रांनाही हे लागू आहे. अतिदक्षता विभागात दहा उपकरणं शेजारीशेजारी असतात. नवीन मशीन आलं की बाजूचा मॉनिटर नीट चालतोय ना, तेवढं पाहून घ्या. तिथे आकड्याने उडी मारली, तर प्रश्न पिशवीतल्या वजनाचा नसतो.

आणि गुरुजनहो, परतीचा रस्ता तुम्ही आम्हाला एक सेल, एक बल्ब आणि दोन तारा घेऊन शिकवला होता. त्यावर माझा संसार चाललाय.