कपाटातला डबा

व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलाच्या कपाटात क्रिएटिनचा डबा सापडला, की आई घाबरून विचारते, "हे स्टेरॉइड तर नाही ना रे?" नाही. मिशेल शेव्रल या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८३२ मध्ये हा पदार्थ मांसात सापडला. आपले शरीरही तो रोज सुमारे एक ग्रॅम तयार करते.

जोर लावताना पहिल्या काही सेकंदांत स्नायूंना तो ऊर्जा पुरवतो. पोटात घेतल्याने स्नायूंमधला साठा वाढतो, हे हॅरिस, सोडरलुंड आणि हल्टमन यांनी १९९२ मध्ये दाखवले. शाकाहारी माणसात हा साठा मुळातच कमी असतो. वाढलेल्या साठ्यावर वजन आणखी एक-दोनदा उचलता येते, एवढाच त्याचा पराक्रम. मॅरेथॉन धावणाऱ्याला फारसा उपयोग नाही. सुरुवातीला वाढणारे किलोभर वजन बहुतांशी पाण्याचे, पण आरशासमोर त्यालाच स्नायू समजणारे पुष्कळ! साधे मोनोहायड्रेट रोज तीन ते पाच ग्रॅम पुरते. महागडे प्रकार त्याहून सरस ठरलेले नाहीत.

आणि मूत्रपिंडे? श्रोतेहो, क्रिएटिनपासून क्रिएटिनिन बनते. त्यामुळे मूत्रपिंडे ठणठणीत असूनही रक्ततपासणीतला आकडा चढू शकतो आणि घरात रडारड सुरू होते. निरोगी प्रौढांना एवढ्या मात्रेने इजा झाल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना डब्याविषयी सांगा. शंका आलीच, तर ते सिस्टॅटिन-सी ही वेगळी तपासणी करून घेऊ शकतात.