मुंबईची श्रीमंती आणि कष्टकऱ्यांचा वाटा

(भोर येथे भोर-वेल्हे भागातील शेतकरी व कारागीर यांच्या सभेपुढे केलेले भाषण)



आपल्या या मावळपट्ट्यात असे घर विरळाच, की ज्यातला एखादा मुलगा, भाऊ किंवा चुलता पोटासाठी मुंबईस गेला नाही. कारण उघड आहे. भातखाचरे लहान, वरकस जमीन नाचणी-वरईपुरती, आणि सुगी उरकली की हातांस काम नाही. पाऊस आपल्या डोंगरांवर पडतो. पण 1928 साली पुऱ्या झालेल्या भाटघर धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांनी खालच्या उसास जाते, आणि वेल्ह्यातील, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातील, पानशेतचे पाणी पुण्यास जाते. पाण्यामागोमाग माणूसही गेला. तेव्हा मुंबईतील गरीब-श्रीमंतांचा प्रश्न परक्या गावचा नसून आपल्याच घरचा आहे.

प्रथम हिशेब पाहू. विषमतेचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी 2022-23 सालचा सबंध देशाचा हिशेब मांडला आहे. देश म्हणजे शंभर जणांची पंगत, आणि साऱ्यांचे मिळून उत्पन्न म्हणजे शंभर भाकरी, असे समजा. पहिल्या पानावरचा एकटा गृहस्थ साडेबावीस भाकरी घेतो, आणि शेवटच्या पन्नास जणांस मिळून पंधराच उरतात. म्हणजे दर माणशी भाकरीचा तिसरा हिस्साही नाही! मुंबईत तर ही पंगत डोळ्यांनी दिसते. 2011 च्या खानेसुमारीत त्या शहराची वस्ती 1 कोटी 24 लाख भरली. त्यांपैकी 52 लाख लोक झोपडपट्टीत रहात होते. आणि त्याच शहरात एका कुटुंबासाठी सत्तावीस मजल्यांचा वाडा उभा आहे.

कोणी म्हणेल, हे ज्याचे त्याचे प्रारब्ध. ही शिकवण आपल्या वाडवडिलांस पुष्कळ पाजली गेली. पण प्रारब्ध कसे घडते हे पहावयाचे असेल तर परळ-लालबागेस जावे. 1982 च्या जानेवारीत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. कित्येक गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत. मग भाव आला तो जमिनीस. 1991 च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचा एक भाग शहराच्या मैदानांस, एक भाग घरांस आणि एक भाग मालकास, अशी वाटणी व्हावयाची होती. 2001 साली नियम फिरला. आता वाटणी सबंध जमिनीची नव्हे, फक्त तिच्यातील मोकळ्या तुकड्याची, असे ठरले. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरलेला नियम कायम केला. कागदावरचे चार शब्द बदलले, आणि लोकांचा वाटा आक्रसून मालकाचा फुगला. हे ब्रह्मदेवाने लिहिले काय?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शहरात मजुरी गावाहून अधिक, हे खरे. पण ती वाढली की खोलीचे भाडेही वाढते, आणि मधला ठेकेदार आपला हात मारतो तो निराळाच. आपला सुतार ज्या मनोऱ्यास दारे बसवितो, त्याच्या पायरीवर काम संपल्यावर त्यास कोणी उभे करीत नाही. घाम गाळणाऱ्यास रोजाचे पैसे, आणि ज्याच्या नावे जमीन तो झोपेतही श्रीमंत होतो.

यावर उपाय नाही काय? आहे. जो नियम माणसाने केला तो माणसास बदलता येतो. दीनबंधूचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. आठवड्यास एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, एवढेच मागणे होते. मालक सहा वर्षे हलले नाहीत. अखेर 1890 साली रविवारची सुट्टी द्यावी लागली. तसेच हमालांचे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीमुळे 1969 चा माथाडी कायदा झाला. नोंदलेल्या हमालाची मजुरी मालक मंडळाकडे भरतो, वर भविष्यनिर्वाहाची रक्कमही भरतो. मुकादमाच्या मर्जीवर ती रहात नाही. बोजा तोच, पाठही तीच. पण संघटनेने दाम बदलला.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. ज्या घरातील वडील मंडळी गिरणीत होती, त्यांनी तिकीट, पगाराची चिठ्ठी, फंडाचा कागद चुलीमागे टाकू नये. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत 2012 साली निघाली, आणि घरे मागणारे अर्ज लाखाहून अधिक आले. कागदावाचून तिथे कोणी ऐकत नाही. जो गवंडी किंवा सुतार शहरात जातो, त्याने बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवावे, आणि ठेकेदाराकडून केलेल्या दिवसांचा दाखला लाजून न रहाता मागून घ्यावा. जो ओझे वाहतो त्याने माथाडी मंडळाची वाट धरावी. आणि मुलीस मुलाइतकेच शिकवावे. कारण 2001 चा तो फिरलेला नियम ज्यांनी लिहिला ते शिकलेले होते, आणि ज्यांचा वाटा गेला त्यांतील पुष्कळांस तो वाचताही आला नसता.

श्रीमंताचा द्वेष करा, असे आम्ही सांगत नाही. आपला हिशेब आपण वाचा आणि आपला वाटा एकजुटीने मागा, एवढेच सांगतो. शंभर भाकरी थापणारे हात आपले आहेत. वाढणारा हातही एक दिवस आपला असला पाहिजे.