समुपदेशन आणि उपदेश
(शताब्दी सोहळ्यात वाखरी मुक्कामी केलेलं भाषण)



माझं शिक्षण चौथी. कीर्तन ऐकून ऐकून शिकलो, बाकीचं आयुष्य कापूस-सोयाबीनमधी गेलं. आज मला विषय दिलाय समुपदेशनाचा. त्यात नीती आणि अध्यात्म कुठं बसतं ते सांगा म्हणले. तर आधी माझी चूक सांगतो.

काही वर्षांमागं शेजारच्या गावी दहाव्याचं प्रवचन होतं. पोरगा तिशीतला, कर्जापायी फवारणीचं औषध पिऊन गेलेला. मी आवाज चढवून बोललो, नरदेह दुर्लभ आहे, आत्महत्या महापाप आहे, अशा जिवाला गती नाही. लोकांनी माना डोलावल्या. नारळ घेऊन निघालो तर त्याची म्हातारी आई चपलांपाशी उभी. म्हणली, "महाराज, मग माझं लेकरू नरकात गेलं का?"

मला उत्तर आलं नाही. गाडीवर बसून घरी आलो.

पुढं कळलं, २०१७ सालच्या कायद्यात असं आहे की जीव द्यायला निघालेला माणूस मोठ्या ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. सरकारला जे कळलं ते गादीवर उभ्या राहिलेल्या मला कळलं नव्हतं. तुकोबारायांच्या घरात दुष्काळ शिरला, बायको गेली, मूल गेलं, दुकान बुडालं, हे मी शंभरदा सांगितलं असंल. पण समोर बसलेल्या माणसाच्या घरातला दुष्काळ मला दिसला नाही.

नंतर आपल्याच दिंडीतल्या एका टाळकऱ्याची पाळी आली. नाव सांगत नाही. जेवण तुटलं, झोप तुटली, हरिपाठाला येईना. एक दिवस बघतो तर गळ्यात माळ नाही. मी त्याला समजावलं, नामस्मरण कर म्हणलं, रागावलो पण. तो खाली मान घालून "हो महाराज" म्हणायचा. शेवटी आशाताई म्हणल्या, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात न्या. तिथं समुपदेशक बाई होत्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. नावात उपदेश आहे, म्हणून मला वाटलं आता ह्या सांगतील. तर बाई उपदेश करीनातच! नुसतं विचारत होत्या आणि थांबत होत्या. एवढं थांबणं आम्हा कीर्तनकारांना जमत नाही.

पहिल्या बैठकीला मी आत होतो, त्याच्याच परवानगीनं. तो म्हणला, "मनात वाईट येतं. पाप्याच्या गळ्यात माळ कशाला, म्हणून काढून ठेवली." मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी हात केला. त्यांनी पाप आहे असं म्हणलं नाही, आणि पाप-बिप काही नसतं असंही म्हणलं नाही. विचारलं, "काका, माळ गळ्यात होती तेव्हा कसं वाटायचं?" तो गडी घळाघळा रडला. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

बाई कोणत्या धर्माच्या, देव मानतात का, मला आजवर माहीत नाही. त्यांनी आपला देव आत आणला नाही आणि त्याचा विठ्ठल बाहेर काढला नाही. अध्यात्माची जागा मला तिथं समजली. ते ज्याचं आहे त्याच्याकडून यावं लागतं.

आणि नीती? पुढच्या वेळी मी बाहेर बसलो. तो आला तसं बाईंना विचारलं, काय म्हणला? तर म्हणल्या, "महाराज, ते त्यांना वाटलं तर ते सांगतील." मला राग आला. एका पंगतीत चाळीस वर्षं जेवलेला माणूस आणि मला सांगायचं नाही? पण विचार केला, गावात कुणाचं दुखणं माझ्या कानावर आलं की पुढच्या कीर्तनात त्याचा दृष्टांत व्हायचा. एकच गोष्ट त्यांनी घरच्यांना सांगितली, तीही त्याला आधी बजावून: जीव धोक्यात आहे असं दिसलं तर मी गप्प बसणार नाही, घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली ह्यांच्याकडं नको. डॉक्टरांनी गोळ्या पण दिल्या. तुळशीचं पाणी बंद करा असं कुणी म्हणलं नाही.

ज्यांना दवाखाना लांब पडतो त्यांनी १४४१६ ह्या नंबरावर फोन करावा. सरकारचा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. विणेकरी बुवा, हा नंबर पाण्याच्या टँकरवर लिहून टाका.

तो टाळकरी आता मागं बसलाय, माळ गळ्यात आहे. आत काय बोलला ते मी अजून विचारलेलं नाही.

मागल्या कार्तिकीनंतर त्या म्हातारीच्या घरी गेलो. म्हणलं, "आई, त्या दिवशी मी बोललो ते चुकलं. तुमच्या लेकराला दुखणं होतं, ते मला दिसलं नाही." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग भिंतीवरला फोटो काढून पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला.