इंजिनातलं पाणी गळतं कुठून?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मुंबईतल्या वेसावे, मढ, मनोरी, गोराईच्या किनाऱ्यावर बोटी शाकारलेल्या असतात. इंजिनाची गळती शोधायला हा निवांत काळ बरा.

अनेक बोटींच्या डिझेल इंजिनात पाण्याचे दोन फेरे असतात. एक कूलंटचा, इंजिनाच्या आत फिरणारा. दुसरा समुद्राच्या पाण्याचा. हीट एक्स्चेंजरमध्ये खारं पाणी कूलंटची उष्णता घेऊन बाहेर पडतं.

आधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम इंजिनाच्या कूलंट टाकीचं झाकण उघडलं, तर उकळतं पाणी थेट अंगावर येतं. मग सगळे सांधे कोरडे पुसून, बोट किनाऱ्यावर असेल तर खाऱ्या पाण्याच्या फेऱ्याला पाणी पुरवून, इंजिन थोडा वेळ चालवा. रबरी नळीच्या क्लिपखाली पांढरी किंवा हिरवट खपली दिसली, तर गळती तिथंच. नळी फुगली असेल, दाबल्यावर तडे दिसत असतील, तर बदला. क्लिप नुसती आवळून भागत नाही. पाण्याच्या पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून थेंब पडत असतील, तर आतलं सील गेलं.

बाहेर थेंब नाही, तरी कूलंट कमी होतं? मग हीट एक्स्चेंजरची नळी आतून गंजली असू शकते. डिपस्टिकवरचं तेल दुधाळ दिसलं, तर इंजिन चालवू नका, मेकॅनिकला बोलवा.

बोट पाण्यात असेल, तर खाऱ्या पाण्याची नळी काढण्याआधी तळाचा कॉक बंद करा, नाहीतर बोटीत पाणी भरेल. जुनं कूलंट विषारी असतं. ते खाडीत न ओतता डब्यात साठवा.