डब्यातलं जुनं नाणं

आम्ही देवनारच्या बाया. भंगार निवडणं हे आमचं काम. प्लास्टिक वेगळं, पत्रा वेगळा, तांबं-पितळ वेगळं. जुना डबा, फाटकी पर्स उघडली की कधी त्यात नाणं निघतं. ते लगेच वजनावर घालायचं नाही, आधी वाचायचं, असा आमचा नेम आहे.

वाचायचं काय? साल आणि निमित्त. एखाद्या व्यक्तीची किंवा कामाची आठवण म्हणून काढलेलं ते स्मारक नाणं. आपल्याकडे पंडित नेहरूंच्या निधनानंतर १९६४ साली असं नाणं निघालं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या मोहिमेत अनेक देशांनी शेतीची नाणी काढली. पॅसिफिक महासागरात टोंगा हा चिमुकल्या बेटांचा देश आहे. त्याच्या १९७५च्या नाण्यांवर मक्याचं कणीस आहे, पिल्लांसह कोंबडी आहे, आणि तिथल्या भाषेत लिहिलंय, 'अन्न वाढवा'. त्याच साली महिला वर्षानिमित्त आपल्या दहा पैशांवर समानता, विकास, शांती हे शब्द आले. १९८०च्या दहा आणि पंचवीस पैशांचा विषय होता ग्रामीण महिलांची प्रगती. म्हणजे बायांनो, हे नाणं तुमचंच!

पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून व्यवहारातून बंद झाली. म्हणून ती आता लाखाची झाली का? नाही. ढिगांनी पाडलेल्या नाण्याला सहसा फार भाव मिळत नाही. तरी मोबाइलवर निरोप येतो, 'जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या.' मागोमाग कमिशन भरा, कर भरा असं सांगतात. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्हसुद्धा दाखवतात. ऑगस्ट २०२१मध्ये बँकेनेच जाहीर केलं की ती असा व्यवहार करत नाही, कमिशन मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. तेव्हा विकणाऱ्यालाच आधी पैसे भरायला लावलं, की फोन ठेवायचा. ओटीपी सांगायचा नाही. गटाची बचत पै-पै करून जमते, जाते मात्र एका फोनवर.

आणखी एक. नाणं चिंचेने, राखेने घासू नका. घासलेल्या नाण्याची किंमत संग्राहकाकडे उतरते. कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा.

पुढच्या बैठकीला घरातली जुनी नाणी घेऊन या. साल वाचा, निमित्त वाचा, लेकीसुनांना दाखवा. त्याला एक पैसाही लागत नाही.