विमानाच्या एंजिनाचें तेल

इ. स. १९३५ च्या मे महिन्याची १५ तारीख. ‘सदर्न क्रॉस’ नांवाचें तीन एंजिनांचें विमान टपाल घेऊन ऑस्ट्रेलियांतील सिडनीहून न्यूझीलंडकडे निघालें होतें. चालक चार्ल्स किंग्जफर्ड स्मिथ, सोबतीला पी. जी. टेलर, आणि बिनतारी यंत्रावर जॉन स्टॅनेज. खालीं टास्मन समुद्र पसरलेला. अशांत मधल्या एंजिनाच्या धुराच्या नळीचा तुकडा तुटून उजव्या पंख्यावर आदळला व तो पंखा मोडला. उजवें एंजिन बंद करून विमान माघारीं वळविण्यांत आलें. भार हलका व्हावा म्हणून टपालाच्या थैल्याही समुद्रांत टाकाव्या लागल्या. परंतु खरें संकट पुढेंच होतें. डावें एंजिन तेल जाळूं लागलें आणि तेलाचा दाब दाखविणारा कांटा उतरूं लागला.

तेव्हां टेलर विमानाबाहेर पडला. वाऱ्याच्या झोतांत आधाराच्या दांड्यावरून सरकत तो उजव्या एंजिनापर्यंत गेला आणि त्यांतील तेल थर्मासच्या भांड्यांत काढून त्यानें तें आंत दिलें. मग दुसऱ्या बाजूनें बाहेर पडून तेंच तेल त्यानें डाव्या एंजिनाला पाजलें. कांटा वर चढला. कांहीं वेळानें तो पुन्हा उतरला, आणि टेलर पुन्हा बाहेर गेला. असें अनेक वेळां घडलें, तेव्हां कोठें विमान सिडनीला सुखरूप पोंचलें.

थोड्याशा तेलासाठीं मनुष्यानें प्राण पणाला कां लावावे? पेट्रोल एंजिनाला शक्ति देतें, हें खरें. पण तेलावांचून ती शक्तीच एंजिनाचा घात करिते. एकमेकांवर घासणाऱ्या धातूंच्या मध्यें तेलाचा पातळ पडदा असतो. तो फाटला कीं धातूला धातु भिडते, उष्णता वाढते आणि कांहीं मिनिटांतच सारें यंत्र जागच्या जागीं आवळून बसतें. शिवाय तेल आंतील उष्णता बाहेर आणतें, काजळी व कचरा वाहून नेतें आणि पोलादाला गंजापासून वांचवितें.

आतां लहान विमानाचें उदाहरण घेऊं. सेस्ना १७२ या विमानाच्या कित्येक जुन्या नमुन्यांत लायकमिंग कंपनीचें ओ-३२० जातीचें, चार सिलिंडरांचें व वाऱ्यानें थंड होणारें एंजिन असतें. त्याच्या तळच्या पात्रांत ८ क्वार्ट, म्हणजे सुमारें साडेसात लिटर तेल मावतें. प्रत्येक उड्डाणापूर्वीं खुणेच्या कांडीनें तें मोजावें, आणि किती भर घातली तें टिपून ठेवावें. तेल नेहमींपेक्षां लवकर संपूं लागलें, तर एंजिनाची कांहीं तक्रार आहे असें समजावें. एंजिन सुरू होतांच वैमानिकाची दृष्टि प्रथम दाबाच्या कांट्यावर जावी. ३० सेकंदांत दाब दिसला नाहीं, तर एंजिन तत्काळ बंद करावें.

तेल बदलण्याचाही नियम आहे. पूर्ण गाळणी बसविलेली असेल तर ५० तासांनीं, नुसती जाळी असेल तर २५ तासांनीं. आणि तास भरले नाहींत तरी चार महिन्यांनीं तें बदललेंच पाहिजे. तेल ऊन असतांनाच काढावें, म्हणजे त्यांत तरंगणारा मळही बरोबर निघून जातो. काढलेली गाळणी मात्र तशीच फेंकूं नये. खास कातरीनें तिचें कवच कापावें. करवत वापरल्यास करवतीचाच कीस आंत पडून परीक्षेचा घोंटाळा होतो. मग आंतील कागदाच्या घड्या उलगडून उजेडांत न्याहाळाव्या. चमकणारे कण लोहचुंबकाला चिकटले तर तें पोलाद. न चिकटले तर दट्ट्याची किंवा बेअरिंगची धातु असण्याचा संभव. एखाददुसरा कण भिण्याजोगा नसतो. पण दर खेपेस त्यांची संख्या वाढत असेल, तर एंजिनाच्या पोटांत कांहींतरी झिजत आहे असें यंत्रज्ञ ओळखतो.

उडणाऱ्या विमानाइतकीच, किंबहुना अधिक, काळजी उभ्या विमानाची घ्यावी लागते. इंधन जळतांना पाणी उत्पन्न होतें व त्याचा कांहीं अंश तेलांत मिसळतो. विमान आठवडेच्या आठवडे उभें राहिलें कीं वरच्या भागांवरील तेल निथळतें आणि झडपा हलविणाऱ्या दांड्यावर गंज चढतो. जमिनीवर पांच-दहा मिनिटें एंजिन चालवून समाधान मानणारे मालक उलट ओलावाच वाढवितात. तेलाचें उष्णतामान १६५ ते २०० अंश फॅरनहाइट राखून महिन्याच्या आंत निदान एक तास सलग उड्डाण करावें, तेव्हां तें पाणी वाफ होऊन निघून जातें.

टेलरला त्या धैर्याबद्दल मिळालेल्या पदकाच्या जागीं पुढें जॉर्ज क्रॉस देण्यांत आला. त्याच्या साहसास तोड नाहीं. परंतु त्याच्याजवळ तेल काढून घेण्यासाठीं दुसरें एंजिन तरी होतें. एका एंजिनाच्या लहान विमानांत ती सोय नसते. ज्या वैमानिकास आकाशांत टेलर व्हावें लागूं नये असें वाटतें, त्यानें जमिनीवर असतांनाच कांडी पुसून तेल मोजावें आणि गाळणी उघडून पाहावी. या कामाला पदक मिळत नाहीं. मात्र सोबत बसलेलीं माणसें संध्याकाळीं घरीं पोंचतात.