नेम: आधी शरीर, मग छर्रा

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर गलोल हाताळणारी मुलं आहेत. पण नेमबाजीसाठी आधी महागडी रायफल हवी, असा समज आहे. तो अर्धाच खरा. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे नेम टिकतो तो बंदुकीच्या किमतीमुळे नव्हे, शरीराच्या स्थैर्यामुळे. म्हणून नवशिक्यानं प्रशिक्षकासमोर, छर्रा न भरता सुरुवात करावी: पाय रोवून उभं राहणं, थोडा श्वास सोडून क्षणभर थांबणं, चाप हळूहळू दाबणं आणि चाप सुटल्यावरही नजर तशीच ठेवणं. कसलेले नेमबाजसुद्धा हा कोरडा सराव सोडत नाहीत. एकाच रायफलवर अनेक मुलं आळीपाळीनं तो करू शकतात.

गलोलीचा नेम इथे आपोआप कामी येईल का? फारसा नाही. तिथे झटपट अंदाज लागतो. इथे स्पर्धेत तीच कृती ६० वेळा हुबेहूब करावी लागते. साधनांचा आक्षेप मात्र रास्त आहे. छर्रा झाडायचा तर नळी सतत लक्ष्याकडे हवी, आणि त्यासाठी सुरक्षित रेंज लागतेच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे सरकारी क्रीडा प्रबोधिनीतून घडले. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकलं. तशी सरकारी सोय डहाणू-तलासरीच्या मुलांनाही मिळायला हवी.